ईस्टवूडच्या त्या बापाचंही ऐकून घ्या

इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅम शहरापासून तेरा-चौदा किलोमीटरवर ईस्टवूड हे जुनं खाणगाव आहे. तिथल्या दफनभूमीत लॉरेन्स कुटुंबाचं थडगं आहे आणि त्यात घरातले तिघे जण आहेत. सगळ्यात आधी गेला तो मुलगा अर्नेस्ट, ऑक्टोबर १९०१ मध्ये, अवघ्या तेविसाव्या वर्षी. नऊ वर्षांनी, डिसेंबर १९१० मध्ये, त्याची आई लिडिया गेली. सप्टेंबर १९२४ मध्ये बाप आर्थर गेला. त्याचं उभं आयुष्य त्याच परिसरात जमिनीखाली कोळसा फोडण्यात सरलं होतं.

जगाला हे तिघे वेगळ्याच नावांनी माहीत आहेत. विल्यम, गर्ट्रूड आणि वॉल्टर मोरेल. १९१३ साली आलेल्या 'सन्स अँड लव्हर्स' या कादंबरीतली ही माणसं त्याच घरातल्या धाकट्या मुलानं, डी. एच. लॉरेन्सनं, आपल्या माणसांवरून घडवली. तो स्वतः या थडग्यात नाही. २ मार्च १९३० रोजी फ्रान्समधल्या व्हान्स गावी क्षयानं त्याचा अंत झाला. पाच वर्षांनी पत्नी फ्रीडानं त्याचे अवशेष उकरून दहन करवलं आणि रक्षा न्यू मेक्सिकोतल्या आपल्या रानातल्या घराकडे नेण्याची व्यवस्था केली. मात्र ईस्टवूडच्या त्या तिघांविषयी जगाचं जे मत आहे, ते त्याच्याच लेखणीनं घडवलेलं आहे. आई सोशीक आणि बुद्धिमान, थोरला हुशार पण अल्पायुषी, आणि बाप म्हणजे दारुडा, अडाणी, घराला लागलेलं ओझं.

यातलं बापाविषयीचं मत बदलायला हवं. तिघांपैकी तोच असा होता की ज्याला आपली बाजू कागदावर मांडता येत नव्हती.

महाराष्ट्रातल्या वाचकाला लॉरेन्स दोन वाटांनी भेटतो. इंग्रजी घेऊन बी.ए., एम.ए. करणाऱ्या मुलांना 'सन्स अँड लव्हर्स' अभ्यासाला असते, आणि तिच्यावर हमखास येणारा प्रश्न असतो ईडिपस गंडाचा. आई-मुलाचं नातं, प्रेयसींची फरफट, सुटका न होणारा मुलगा. उत्तर गाइडात तयार असतं आणि त्यात बापाच्या वाट्याला एखादं वाक्य येतं. दुसरी वाट कोर्टातून जाते. 'लेडी चॅटर्लीज लव्हर' विकल्याबद्दल मुंबईतल्या पुस्तकविक्रेत्यांना झालेली शिक्षा आणि त्यावर १९६४ साली सर्वोच्च न्यायालयानं दिलेला निकाल कायद्याच्या विद्यार्थ्यांना पाठ असतो. परीक्षेत मानसशास्त्र आणि कोर्टात अश्लीलता, या दोन्हींत कोळसा कुठेच दिसत नाही. आणि कोळसा बाजूला केला, की आर्थर लॉरेन्स समजण्याचा रस्ताच बंद होतो.

आर्थरचा जन्म १८४६ चा. त्याचे वडील शिंपी होते, ब्रिन्सलीच्या खाणीतल्या माणसांसाठी जाडेभरडे कपडे शिवत. मुलं मात्र सुईदोऱ्याऐवजी कुदळीकडे गेली. दहा वर्षांखालच्या मुलांना खाणीत उतरवू नये असा कायदा ब्रिटिश पार्लमेंटनं १८४२ मध्ये केला होता. म्हणजे दहाव्या वर्षी उतरवायला कुणाची हरकत नव्हती. आर्थर लहानपणीच खाली गेला आणि म्हातारपणापर्यंत खालीच राहिला. शाळा नावापुरती. वर्तमानपत्र तो अडखळत वाचायचा, सही कशीबशी करायचा. पण गळा गोड होता, नाचण्यात तो तरबेज होता, आणि गालाला कधी वस्तरा लावला नाही याचा त्याला अभिमान होता. माणसांत रमणारा, गप्पिष्ट, हसरा तरुण. १८७४ च्या सुमारास नात्यातल्या एका घरी त्याची गाठ लिडिया बिअर्डसॉलशी पडली. २७ डिसेंबर १८७५ रोजी दोघांचं लग्न झालं.

लिडियाचं घर वेगळ्या वळणाचं होतं. वडील गोदीत यंत्र जोडणारे कारागीर, धर्मानं कडक, दारूचे कट्टर विरोधक. १८७० मध्ये शीअरनेसच्या गोदीत त्यांना अपघात झाला, काम सुटलं, तुटपुंज्या पेन्शनवर कुटुंब नॉटिंगहॅमला आलं. वाचनाची आवड असलेली, काही काळ लहान मुलांना शिकवलेली ही मुलगी तिथे लेसच्या धंद्यात मजुरी करू लागली. म्हणजे लिडिया काही सुखवस्तू घरातून खाली उतरलेली नव्हती. तिच्या घराची घसरण लग्नाआधीच झाली होती, आणि पुन्हा वर चढायचं हा निर्धार ती सोबत घेऊन आली होती. ईस्टवूडमध्ये या कुटुंबानं चार घरं बदलली, आणि जवळपास प्रत्येक बदलात घर थोडं बरं होत गेलं. व्हिक्टोरिया स्ट्रीटवरच्या ज्या घरात ११ सप्टेंबर १८८५ रोजी लॉरेन्स जन्मला, तिथे पुढच्या खिडकीत लेस आणि तान्ह्या मुलांचे कपडे मांडून तिनं छोटंसं दुकान चालवलं. पाच मुलं, अनिश्चित मिळकत, आणि त्यातून तिनं मुलांना खाणीबाहेर काढलं. तिच्या तीन मुलग्यांपैकी एकानंही खाणीत जन्म घालवला नाही. धाकट्यानं १८९८ मध्ये नॉटिंगहॅम हायस्कूलची शिष्यवृत्ती मिळवली. या बाईच्या कर्तबगारीविषयी वाद असूच शकत नाही.

वाद आहे तो हा, की या सगळ्याची किंमत कुणी चुकवली.

आर्थर ज्या पद्धतीनं काम करायचा ती नीट पाहिल्याशिवाय त्या घरातली भांडणं कळत नाहीत. बार्बर, वॉकर अँड कंपनी ही ईस्टवूडच्या खाणींची मालक. पण कोळसा फोडणाऱ्या प्रत्येकाला कंपनी थेट पगार देत नसे. भूगर्भातल्या कोळशाच्या भिंतीचा एक तुकडा ती एखाद्या अनुभवी कामगाराला उक्ता देई. या उक्तेदाराला तिकडे 'बटी' म्हणत. आर्थर असा बटी होता. त्यानं हाताखाली दोन-तीन माणसं घ्यायची, निघालेल्या कोळशाचे टनावर पैसे मिळायचे, त्यातून त्या माणसांची मजुरी भागवायची आणि उरेल ते आपलं. ऐकायला हे स्वतंत्र धंद्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात सगळी जोखीम कामगाराच्या माथी होती. कोळशात दगड लागला, पाणी झिरपलं, छत कच्चं निघालं आणि धीरे ठोकण्यातच दिवस गेला, तर त्या आठवड्यात हाती काही नाही. उन्हाळ्यात घरोघरच्या शेगड्या विझत, कोळशाची मागणी पडे, खाण अर्धा दिवस चालून बंद होई. कुणाला कोणता तुकडा द्यायचा हे वरचा साहेब ठरवी. 'सन्स अँड लव्हर्स'मधला मोरेल साहेबाची नक्कल करून दोस्तांना हसवतो, ते साहेबाच्या कानावर जातं आणि त्याच्या वाट्याला वाईट तुकडे यायला लागतात. आपले वडील वरच्या साहेबांशी नेहमी फटकून वागत, हे लॉरेन्सनं पुढे स्वतःविषयीच्या लेखनातही नोंदवलं आहे.

साहेबापुढे मान न झुकवणाऱ्या या स्वभावाकडे कादंबरी बेजबाबदारपणा म्हणून पाहते. तोच माणूस एखाद्या संपाच्या कादंबरीत असता तर वाचकानं त्याला कसं पाहिलं असतं? बायकोला त्या नकलेची किंमत धान्याच्या डब्यात दिसत होती, आणि तिचं चिडणं योग्यच होतं. पण मुलगा दोन्ही बाजूंनी पाहू शकला असता. अठ्ठाविसाव्या वर्षापूर्वी त्याला ते जमलं नाही.

पैशाचा हिशेब तर कादंबरीतच आकडेवार दिला आहे. चाळीस शिलिंग मिळाले तर मोरेल दहा स्वतःकडे ठेवतो, पस्तीस मिळाले तर पाच, चोवीस मिळाले तर दोन, आणि सोळाच मिळाले तर अर्धा शिलिंग. यातूनच त्याची दारू, तंबाखू, सहल, सगळं. चाळीसातले दहा म्हणजे पाव हिस्सा. घरात इतकी तोंडं खाणारी असताना ही रक्कम लहान नाही, हे मान्यच. मात्र तोच तक्ता उलट बाजूनं वाचला तर दिसतं, की हलाखीच्या आठवड्यात हा माणूस स्वतःकडे जवळपास काहीच ठेवत नाही. वर्गात हा तक्ता बापाच्या स्वार्थाचा पुरावा म्हणून सांगितला जातो. त्याचा दुसरा अर्धा भाग त्याच पानावर आहे.

मजुरीचे पैसे आणायला मुलाला पाठवायची रीत होती. कंपनीच्या डर्बन हाउस या कचेरीत शुक्रवारी रांग लागायची, आणि लहानगा लाजरा बर्ट, म्हणजे डी. एच. लॉरेन्स, तिथे बापाच्या नावाचा पुकारा होण्याची वाट पाहत घामाघूम व्हायचा. ही भीती त्याच्या मनातून कधी गेली नाही. खाणीविषयीचा त्याचा पहिला अनुभव कोळशाचा नव्हताच. तो कारकुनासमोर पैसे मोजून घेण्याचा होता, आणि त्या अपमानाचं खापर नकळत बापावर फुटलं.

तरीही एवढा मोठा लेखक खोटं लिहू शकत नव्हता. मनात राग असताना त्याच्या डोळ्यांनी जे टिपलं होतं, ते पानावर उतरलंच. पहाटे पाचला उठून मोरेल शेगडी पेटवतो, बेकनचा तुकडा जाळावर धरून ओघळणारी चरबी पावावर घेतो, पत्र्याच्या बाटलीत बिनसाखरेचा, बिनदुधाचा चहा भरतो आणि बायकोसाठी गरम चहाचा कप वर नेऊन देतो. मग शेतांतून चालत निघतो. वाटेत उंच गवतात अळंबी शोधतो, कुंपणाची एक काडी तोडून तोंडात धरतो आणि खाली घसा ओला राहावा म्हणून दिवसभर ती चघळतो. संध्याकाळी गव्हाच्या पोकळ काड्यांत दारूगोळ्याची पूड भरून सुरुंगाच्या वाती करायला बसतो आणि मुलं त्याच्याभोवती गोळा होतात. खाणीतल्या टॅफी नावाच्या घोड्याच्या खोड्या, बाहीवरून चढणारा उंदीर, अशा गोष्टी तो रंगवून सांगतो. त्या दिवसांत घर सुखी असतं, हे कादंबरीच सांगते. हाताला काम असलं की हा माणूस प्रसन्न असायचा. बूट शिवणं, किटली सांधणं, वाती वळणं यांतलं काहीही त्याला चालायचं.

त्याच कादंबरीत तो गरोदर बायकोला रात्री घराबाहेर काढून कडी लावतो. टेबलाचा खण फेकतो, तो तिच्या कपाळाला लागतो आणि रक्ताचे थेंब मांडीवरच्या तान्ह्या मुलावर पडतात. हे प्रसंग सौम्य करून सांगता येणार नाहीत. आर्थरची बाजू घेणं म्हणजे दारू आणि मारहाण यांची बाजू घेणं नव्हे. पण बापाची हीच दोन पानं अभ्यासक्रमात उरावीत आणि पहाटेची, काडीची, टॅफीची पानं गळून पडावीत, हे वाचन अपुरं आहे.

लॉरेन्स कुटुंबाची आणखी एक जखम या थडग्यात दिसत नाही, कारण तो मृत्यू दुसऱ्या घरातला होता. १८८० साली आर्थरचा भाऊ जेम्स ब्रिन्सलीच्या खाणीत छत कोसळून मेला. मागे तरुण बायको आणि लहान मुलं राहिली. खाणीतले मृत्यू म्हटलं की लोकांना मोठे स्फोट आठवतात. १९१३ मध्ये वेल्समधल्या सेंगहेनिड इथे एकाच सकाळी ४३९ खाणकामगार गेले, तसे. पण एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रिटनच्या खाणींत वर्षाला सुमारे हजार माणसं मरत, आणि त्यांतली फार मोठी संख्या अशीच, एकेकट्यानं, छताचा किंवा बाजूचा दगड निसटून मेलेली असे. अशा मृत्यूची वर्तमानपत्रात दोन ओळींची बातमी येई आणि दुसऱ्या दिवशी त्याच खाणीचा भोंगा वाजे. आर्थरही त्याच खाणीत पुढची कित्येक वर्षं उतरत राहिला. भाऊ जिथे मेला तिथे रोज पहाटे खाली जायचं आणि संध्याकाळी वर आल्यावर चार मित्रांत बसून ते विसरायचं, यात गुत्त्याचा वाटा किती होता, हा प्रश्न त्याच्या दारूची मोजदाद करणाऱ्यांनी स्वतःला विचारायला हवा.

जेम्सच्या त्या मृत्यूतून लॉरेन्सनं 'ओडर ऑफ क्रिसॅन्थेमम्स' ही कथा लिहिली. ती १९११ मध्ये 'इंग्लिश रिव्ह्यू'त आली. नवरा पुन्हा दारू पीत बसला असेल म्हणून बायको संध्याकाळभर धुसफुसते आणि मग घरी त्याचं प्रेत येतं. सासू आणि सून मिळून ते धुतात. तेव्हा त्या बाईला उमगतं की ज्याच्याशी आपण इतकी वर्षं भांडलो, त्याला आपण कधी ओळखलंच नव्हतं. या कथेत एक खाणकामगाराचा मुलगा पहिल्यांदा कबूल करतो, की घरातल्या बाईनं आणि मुलांनी बापाचं जे चित्र मनात धरलं, ते पूर्ण नव्हतं. 'सन्स अँड लव्हर्स'मध्ये ही समज मागे पडली. कारण ती आईच्या मृत्यूच्या छायेत लिहिली गेली.

त्याआधी अर्नेस्ट. तो लंडनला एका कचेरीत नोकरीला लागला होता, लघुलेखन शिकलेला, भाषांची आवड असलेला, आईचा जीव की प्राण. ऑक्टोबर १९०१ मध्ये त्वचेचा दाहक संसर्ग आणि न्यूमोनिया होऊन तो गेला. लिडिया धावत लंडनला पोहोचली तेव्हा तो तिला ओळखण्याच्या अवस्थेत नव्हता. शवपेटी रेल्वेनं ईस्टवूडला आली आणि घराण्याचं थडगं त्याच्यासाठी खोदलं गेलं. पाठोपाठ बर्टला न्यूमोनिया झाला आणि दुःखात बुडालेल्या आईनं त्याला मरणाच्या दारातून परत ओढलं. आई-मुलाच्या त्या घट्ट नात्याची गाठ इथे बसली, असं चरित्रकार सांगतात आणि ते पटतं.

बापाचं काय झालं, हे मात्र कुणी फारसं विचारत नाही. कादंबरीत तेही आहे. मुलगा निरोप घेऊन खाणीच्या तोंडाशी जातो. बाप पाळण्यातून वर येतो, बातमी ऐकतो, चार पावलं चालतो आणि कोळशाच्या वॅगनला टेकून डोळ्यांवर हात घेतो. आणि पुढे लॉरेन्स सांगतो, की मोठा मुलगा जिथे कामाला होता त्या कचेरीवरून जाणारा रस्ता या माणसानं आयुष्यात पुन्हा धरला नाही, आणि दफनभूमीही तो नेहमी टाळायचा. आईच्या दुःखाला कादंबरीनं कितीतरी पानं दिली आहेत. बापाच्या दुःखाला हे एवढंच मिळालं. पण ते वाचल्यावर या माणसाला कठोर म्हणण्याची हिंमत होऊ नये.

लिडिया ९ डिसेंबर १९१० रोजी कर्करोगानं गेली. त्याच्या काही दिवस आधी लॉरेन्सनं आपल्या पहिल्या कादंबरीची, 'द व्हाइट पीकॉक'ची, आगाऊ मागवलेली प्रत तिच्या हातात ठेवली होती. नंतर बापानंही ती चाळली. अर्ध्या पानापर्यंत तो कसाबसा पोहोचला आणि त्यानं विचारलं, याचे तुला किती मिळाले? पन्नास पौंड, असं उत्तर ऐकून तो थक्क झाला, आणि आयुष्यात एक दिवसही अंग मोडून काम न केलेल्या पोराला एवढे पैसे मिळतात, असं त्याच्या तोंडून निघालं. ही हकीगत लॉरेन्सनंच पुढे लिहून ठेवली आहे. बहुतेक जण ती बापाच्या अडाणीपणाचा नमुना म्हणून सांगतात. वर्षभर रोज जमिनीखाली जाऊन जेमतेम तेवढं मिळवणाऱ्या माणसाचा तो प्रश्न होता, आणि तो रास्त होता.

१९२२ मध्ये लॉरेन्स श्रीलंकेत, कँडीला, ब्रूस्टर या मित्र दांपत्याकडे राहिला होता. अक्सा ब्रूस्टर यांनी त्या दिवसांच्या आठवणींत लिहिलं आहे, की आपण 'सन्स अँड लव्हर्स'मध्ये वडिलांना न्याय दिला नाही आणि ते पुस्तक पुन्हा लिहावंसं वाटतं, असं तो बोलून दाखवी. आईनं रंगवलेलं बापाचं चित्र मुलांनी तसंच्या तसं मान्य केलं होतं, हे त्याला तोवर कळलं होतं. दोन वर्षांनी, १० सप्टेंबर १९२४ रोजी, मुलाच्या एकोणचाळिसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी आर्थर गेला. मुलगा तेव्हा न्यू मेक्सिकोत होता.

पुस्तक त्यानं पुन्हा लिहिलं नाही. पण पुढची पाच-सहा वर्षं तो तेच करत होता, असं म्हणायला जागा आहे. सप्टेंबर १९२६ मध्ये तो शेवटचा ईस्टवूडला आला. मे महिन्यापासून खाणमालकांनी टाळेबंदी केली होती, गावात पोलीस होते, घराघरांत उपासमार होती. हे पाहून तो इटलीला परतला आणि पुढच्याच महिन्यात 'लेडी चॅटर्लीज लव्हर' लिहायला बसला. ही कादंबरी खाणमालकाच्या घरात घडते. तिचा नायक मेलर्स खाणकामगाराचा मुलगा आहे. त्याला शिष्टांची इंग्रजी उत्तम येते, पण मनातलं बोलायचं असेल तेव्हा तो खाणीची बोली बोलतो. लिडिया घरात मुलांना तीच बोली बोलू देत नसे, कारण ती बापाची होती. ज्या बोलण्याची लाज बाळगायला मुलगा शिकला होता, ते त्यानं अखेरच्या कादंबरीत नायकाच्या तोंडी घातलं आणि त्याला प्रेमाची भाषा केलं.

हीच कादंबरी मुंबईत कोर्टात गेली. डिसेंबर १९५९ मध्ये पोलिसांनी पाठवलेल्या बनावट गिऱ्हाइकानं तिची प्रत एका पुस्तकाच्या दुकानातून विकत घेतली. दुकानाच्या चारही भागीदारांना एस्प्लनेड कोर्टानं प्रत्येकी वीस रुपये दंड केला. लेखक मुल्कराज आनंद यांनी बचावासाठी साक्ष दिली होती. लंडनमध्ये २ नोव्हेंबर १९६० रोजी ज्युरीनं पेंग्विन प्रकाशनाला याच पुस्तकाबद्दल निर्दोष ठरवलं, पण 'रणजित उदेशी विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट १९६४ मध्ये शिक्षा कायम केली. सरन्यायाधीश गजेंद्रगडकर त्या पीठावर होते. निकालपत्र एकेकाळी नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश राहिलेल्या हिदायतुल्ला यांनी लिहिलं. निकालाची कायदेशीर चर्चा इथे नको. खेद एवढाच, की त्यानंतर आपल्याकडे हे पुस्तक 'ते' पुस्तक म्हणूनच ओळखलं गेलं, आणि त्यातली टाळेबंदी, खाणगावाची काळी कुरूपता, यंत्रांनी पिळून काढलेली माणसं यांविषयी कुणाला बोलायचंच राहिलं नाही.

मृत्यूच्या आदल्या वर्षी लॉरेन्सनं 'नॉटिंगहॅम अँड द मायनिंग कंट्रीसाइड' हा लेख लिहिला. त्यात बाप आणि त्याचे सोबती वेगळेच दिसतात. अंधारात, जवळपास उघड्या अंगानं, जिवावर उदार होऊन एकमेकांच्या सोबतीनं काम करणारे. एकमेकांशी अशी जवळीक असणारे, की ती घरी आल्यावर शब्दांत सांगता येत नाही. वर आल्यावर परसात फुलं लावणारे आणि त्यांच्याकडे तासन् तास पाहत राहणारे. बायकांच्या तक्रारीत आणि पैशाच्या चिंतेत या पुरुषांची सौंदर्याची भूक कुणाला कळलीच नाही, असं तो म्हणतो. गाव कुरूप केलं ते मालकांनी, कामगारांनी नव्हे, हेही तो ठणकावून सांगतो. अठ्ठाविसाव्या वर्षापूर्वी कादंबरी लिहिणाऱ्या मुलानं ज्या माणसाला घरात नकोसा पाहुणा केलं होतं, त्याच्याकडे त्रेचाळीस-चव्वेचाळिसाव्या वर्षीचा, स्वतः मरणाच्या वाटेवर असलेला मुलगा असा वळून पाहत होता.

हे सगळं छापील आहे, सहज मिळणारं आहे. तरी वर्गात ते पोहोचत नाही. याचं मूळ बरंच जुनं. १९१६ मध्ये आल्फ्रेड कुटनर या अमेरिकी समीक्षकानं 'सन्स अँड लव्हर्स'चा फ्रॉइडच्या सिद्धांताप्रमाणे अर्थ लावणारा लेख एका मानसशास्त्राच्या नियतकालिकात लिहिला. लॉरेन्सला तो अजिबात आवडला नाही. पण परीक्षेसाठी ती चौकट फारच सोयीची निघाली, आणि शंभर वर्षं टिकली. तिच्यात बाप हा एक अडथळा असतो. त्याला मजुरी नसते, भाऊ नसतो, खाण नसते. दरम्यान ब्रिन्सलीची खाण १९३४ मध्ये कोळसा काढायची थांबली, शेजारची मूरग्रीन १९८५ मध्ये बंद झाली, आणि २०१५ मध्ये नॉटिंगहॅमशरमधली शेवटची खोल खाणही गेली. आर्थरचं जग प्रत्यक्षात पाहण्याची सोय आता नाही. ते आता वाचूनच कळणार.

आपल्याकडे मात्र कोळसा अजून निघतो. चंद्रपूर, वणी, बल्लारपूर, उमरेड या पट्ट्यात खाणीच्या पगारावर उभी राहिलेली घरं आहेत, आणि त्या घरांतली मुलं कॉलेजात इंग्रजी साहित्य शिकतात. अशा मुलाला किंवा मुलीला वर्गात जर असं शिकवलं गेलं, की खाणीतून काळाठिक्कर होऊन आलेला बाप हा कथेतला अडथळा आणि त्याच्यापासून सुटका म्हणजे प्रगती, तर आपण त्यांना साहित्य शिकवत नाही. घराची लाज बाळगायला शिकवतो. लिडियाची मुलं तेच शिकली होती. त्यातल्या एकाला ते विसरायला दोन दशकं लागली.

म्हणून अभ्यासमंडळांकडे मागणी साधी आहे. 'सन्स अँड लव्हर्स' ठेवावी, ती थोर कादंबरी आहे. तिच्यासोबत 'ओडर ऑफ क्रिसॅन्थेमम्स' आणि नॉटिंगहॅमचा तो लेख जोडावा. 'अ कॉलिअर्स फ्रायडे नाइट' हे नाटकही घ्यावं. लॉरेन्सनं ते विशीच्या सुरुवातीलाच लिहिलं, १९३४ पर्यंत ते छापलं गेलं नाही, आणि १९६८ मध्ये पीटर गिल यांनी लंडनच्या रॉयल कोर्ट थिएटरात लॉरेन्सची तीन खाणनाटकं बसवली तेव्हा कुठे लोकांना त्याची ताकद कळली. त्यात पगाराच्या रात्री बटी आणि त्याचे जोडीदार स्वयंपाकघरातल्या टेबलावर पैसे मोजून वाटून घेतात, आपल्या बोलीत, आणि लेखक मध्ये येऊन त्यांच्याविषयी मत देत नाही. मग परीक्षेत ईडिपसच्या बरोबरीनं हेही विचारता येईल, की चाळीस शिलिंगांतले दहा ठेवणारा मोरेल सोळांतला अर्धाच का ठेवतो, आणि छत कोसळण्याचा धोका, तुकड्याची प्रत व साहेबाची मर्जी यांचा त्या आकड्यांशी काय संबंध आहे.